पहिल्या शिवीलाच शिट्टी वाजू द्या

प्रति,
कोल्हापूर, गडहिंग्लज, मिरज आणि आसपासच्या गावांतील फुटबॉल स्पर्धांचे आयोजक,
तालीम मंडळांचे आणि क्लबचे पदाधिकारी,
तसेच सामन्यांचा बंदोबस्त ठरवणारे पोलिस अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

हंगाम तोंडावर आला की स्पर्धांच्या बैठका सुरू होतात. तारखा ठरतात, बक्षिसाची रक्कम ठरते, परदेशी खेळाडू किती खेळवायचे यावर तास-दोन तास खल होतो, बंदोबस्ताचा अर्ज जातो. प्रेक्षकांच्या वागणुकीचा विषय निघतो तो चहा आल्यावर. ‘आपापल्या पोरांना आवरा’ एवढं सांगून बैठक उठते. मग एखाद्या काटाजोड सामन्यात बाटल्या येतात, दगड येतात, लाठी चालते, पोरांवर गुन्हे दाखल होतात, स्पर्धा काही दिवस बंद राहते आणि पुढच्या चषकाला सगळं पहिल्यापासून सुरू होतं. हे असंच चालायचं, हे आपण सगळ्यांनी जणू मान्य करून टाकलं आहे. आम्हाला ते मान्य नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहोत.

आमच्यात पंच आहेत, लाइनमन आहेत, सामना निरीक्षक म्हणून टेबलाशी बसणारे आहेत, गेटवर तिकिटं फाडणारे आणि प्रथमोपचाराची पेटी सांभाळणारे आहेत. हुल्लड झाली की पहिला दगड लाइनमनच्या डोक्यावरून जातो, कारण तो प्रेक्षकांसमोरच्या जाळीपासून चार हातांवर, गर्दीकडे पाठ करून उभा असतो. शिवीही सगळ्यांत आधी त्यालाच ऐकू येते. सामन्याचा अहवाल आम्हीच लिहितो आणि तो अहवाल कपाटात गेल्यावर पुढे काहीच होत नाही, हेही आम्हीच पाहतो.

आमचं म्हणणं थोडक्यात असं. दगडासाठी आपल्याकडे व्यवस्था आहे: पोलिस, लाठी, गाडी, गुन्हा. पण दगड येण्याआधी अर्धा-पाऊण तास जे चाललेलं असतं त्यासाठी काहीही व्यवस्था नाही. एका खेळाडूच्या रंगावरून ओरडणं सुरू होतं, दोन मिनिटांत ते वीस जणांचं होतं, समोरच्या गॅलरीतून उत्तर येतं, खेळाडू वैतागून हातवारे करतो, त्याला पिवळं कार्ड मिळतं, गॅलरीच्या पायऱ्यांवर जल्लोष होतो आणि मग पहिली बाटली उडते. ही साखळी आम्हाला पाठ झाली आहे. ती पहिल्या कडीलाच तोडता येते, तेही फारसा खर्च न करता. फक्त कोणी काय करायचं हे आधी कागदावर ठरलेलं हवं.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी तक्रार वर्णद्वेषाच्या शिव्यांची. आपल्या स्पर्धांत आफ्रिकेतून आलेले खेळाडू अनेक वर्षं खेळत आहेत. गोल केला की आपली माणसं त्यांना खांद्यावर घेतात, हे खरं आहे आणि त्या प्रेमात खोट नाही. पण तोच खेळाडू समोरच्या गॅलरीखाली थ्रो-इन घ्यायला येतो तेव्हा काय होतं ते जवळून पाहा. चेंडू दोन्ही हातांत, पाठ पायऱ्यांकडे, जाळी पाच फुटांवर. साथीदार मोकळा होईपर्यंत आठ-दहा सेकंद तो जागचा हलू शकत नाही. त्या आठ-दहा सेकंदांत माकडासारखे आवाज येतात, ‘काळ्या’च्या पुढे आणखी एक शब्द जोडला जातो, शेंगांची टरफलं अंगावर पडतात. तो वळून पाहत नाही, कारण वळला तर आवाज वाढतो हे त्याला ठाऊक असतं. मणिपूर-मिझोरामच्या पोरांच्या वाट्याला ‘चिंकी’ आणि ‘मोमो’ येतं. स्थानिक पोरांच्या वाट्याला जात येते, धर्म येतो, कधी आई-बहीण येते. पोरं हसत असतात आणि शेजारी बसलेला दहा-बारा वर्षांचा मुलगा ते शब्द शिकत असतो.

‘आपल्याकडे वंशद्वेष नाही, ही नुसती खुन्नस आहे’ असं आम्हाला वारंवार सांगितलं जातं. खुन्नस असू दे. पेठेपेठेतली ईर्ष्या नसती तर कुस्तीच्या तालमींनी फुटबॉल उचललाच नसता आणि एवढा जपलाही नसता. पण ज्याच्या कातडीवरून तुम्ही ओरडता, त्याला तुमच्या मनात काय होतं ते ऐकू येत नाही. त्याला फक्त शब्द ऐकू येतो. शिवाय कोल्हापुरात हे मैदान राजर्षी शाहूंच्या नावाचं आहे. ज्यांनी १९०२ साली मागासवर्गीयांसाठी आपल्या संस्थानात पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्यांच्या नावाच्या पायऱ्यांवर बसून माणसाला जन्मावरून हिणवायचं हे या शहराला शोभत नाही.

हे दूरचं दुखणं नाही. २०२४ च्या मार्चमध्ये केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात अरीकोडजवळ एका सेव्हन्स (सात-सात खेळाडूंच्या) सामन्यात आयव्हरी कोस्टच्या एका खेळाडूला प्रेक्षकांनी पाठलाग करून मारलं. आपल्याला वर्णावरून शिव्या दिल्या, दगड मारले, अशी तक्रार त्याने पोलिसांकडे केली. मलप्पुरमचं फुटबॉलवेड आपल्यासारखंच आहे: लहान मैदान, खचाखच गर्दी, हंगामी करारावर आलेले परदेशी खेळाडू. जे तिथे घडलं ते इथे घडणार नाही, असं आपल्यापैकी कोणी छातीठोक सांगू शकेल का?

दुसरी तक्रार पंचांना एकटं पाडण्याची. खेळाच्या नियमांतला पाचवा नियम पंचाला बाहेरच्या व्यत्ययामुळे सामना थांबवण्याचा, तहकूब करण्याचा आणि रद्द करण्याचा अधिकार देतो. बाराव्या नियमाप्रमाणे खेळाडूने अपमानास्पद भाषा किंवा कृती केली तर थेट लाल कार्ड आहे. वर्णद्वेषासाठी फिफाने तीन पायऱ्या ठरवून दिल्या आहेत: आधी सामना थांबवून सूचना, मग तहकूब करून संघ आत नेणं आणि तरीही प्रकार चालू राहिला तर सामना रद्द. २०२४ च्या मे महिन्यात बँकॉकच्या अधिवेशनात त्याला एक खूण जोडली गेली. खेळाडूने दोन्ही मनगटं एकमेकांवर फुलीसारखी धरली की ती वर्णद्वेषाची तक्रार समजायची. हे सगळं असूनही आपल्याकडचा पंच सामना थांबवत नाही. का? कारण थांबवल्यावर माइकवरून कोण बोलणार, त्या गॅलरीत कोण जाणार, संघ आत न्यायचे तर खेळाडूंच्या आत जायच्या बोगद्यापाशी कोण उभं राहणार, यातलं काहीच ठरलेलं नसतं. तीन-चार हजार लोकांसमोर शिट्टी वाजवून तो पाच मिनिटं एकटा उभा राहील आणि सगळा राग त्याच्यावर निघेल. आयोजकांकडून तर उलटाच निरोप येतो: ‘सर, चालू ठेवा, नाहीतर भडकेल.’ चालू ठेवल्यानेच भडकतं, हे आम्ही इतक्यांदा पाहिलं आहे की आता बोलल्यावाचून राहवत नाही.

म्हणून या तीन पायऱ्या आपल्या मैदानावर कशा चालवायच्या ते तपशिलात मांडतो. प्रत्येक आयोजकाने हे छापून सामन्याच्या टेबलावर ठेवावं.

लाइनमन, कर्णधार किंवा राखीव बाकावरचा कोणीही शिवी ऐकतो आणि पंचाला खूण करतो. पंच शक्यतो चेंडू बाहेर गेल्यावर थांबवेल. प्रकार गंभीर असेल तर खेळ चालू असतानाही. तो घड्याळात मिनिट पाहून ठेवेल, दोन्ही कर्णधारांना मध्यवर्तुळात बोलावेल आणि सामना निरीक्षकाकडे हात करेल. निरीक्षक उद्घोषकाला आधीच लिहून दिलेला मजकूर देईल. हा मजकूर त्याच वेळी सुचेल तसा बोलू नये. समालोचक बहुतेकदा कुठल्या तरी पेठेचा असतो, जोशात असतो आणि ‘अमुक तालमीच्या समर्थकांनो, लाज बाळगा’ असं काहीतरी बोलून जातो. त्या एका वाक्याने ती अख्खी गॅलरी उठते. मजकुरात पेठेचं किंवा संघाचं नाव येता कामा नये, फक्त गॅलरीचा क्रमांक यावा:

‘सूचना. गॅलरी क्रमांक तीनमधून एका खेळाडूला त्याच्या वर्णावरून अपशब्द बोलले गेले आहेत. पंचांनी सामना थांबवला आहे. हा प्रकार पुन्हा झाला तर दोन्ही संघ आत जातील. त्यानंतरही झाला तर सामना रद्द होईल.’

एवढंच. दोनदा वाचायचं, मध्ये पंधरा-वीस सेकंद थांबायचं, आवाज चढवायचा नाही. त्या वेळात त्या गॅलरीचे स्वयंसेवक आवाज आला त्या भागात जाऊन उभे राहतील. ज्याने ओरडलं त्याच्याशी वाद घालायचा नाही. त्याच्या ओळीतल्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलायचं. दोन-तीन मिनिटांत ड्रॉप बॉलने, म्हणजे पंचाने चेंडू खाली सोडून, सामना सुरू होईल किंवा चेंडू आधीच बाहेर गेला असेल तर थ्रो-इन, कॉर्नर, जे असेल त्याने. गेलेला वेळ भरून दिला जाईल आणि तेही माइकवरून सांगायचं, म्हणजे ‘वेळ खाल्ला’ म्हणून नवी बोंब उठत नाही.

पुन्हा झालं तर दुसरी पायरी. संघ आत. इथे सगळ्यांत जास्त घोटाळा होतो, कारण दोन्ही संघ एकाच वाटेने आणि एकाच वेळी निघतात आणि हाणामारी तिथेच होते. पाहुणा संघ आधी जाईल, दुसरा निम्म्या मैदानावर थांबेल, पंच शेवटी. दहा मिनिटं. या दहा मिनिटांत पोलिस आणि निरीक्षक मिळून ठरवतील की त्या गॅलरीतल्या विशिष्ट माणसांना बाहेर काढता येतं का. येत असेल तर काढायचं आणि मगच संघ परत आणायचे. तिसऱ्या पायरीचा निर्णय पंचाचाच, पण निरीक्षक, पोलिस अधिकारी आणि दोन्ही संघांच्या व्यवस्थापकांशी बोलून. सामना रद्द झाल्याची घोषणा मात्र गेट पूर्ण उघडल्याची खात्री झाल्यावरच करायची, त्याआधी नाही.

ज्याला शिवी दिली गेली त्या खेळाडूकडे या सगळ्या गडबडीत कोणीच जात नाही. कर्णधाराने जावं. पुढे खेळायचं आहे की बाहेर बसायचं आहे, हे त्यानेच ठरवावं आणि बाहेर बसला तर त्याचे सामन्याचे पैसे कापू नयेत. परक्या देशात, क्लबने दिलेल्या खोलीत, हंगामी करारावर राहणारा माणूस स्वतःहून पोलिस ठाण्याची पायरी चढणार नाही. म्हणून तक्रार देण्याची जबाबदारी सामना निरीक्षकाची असली पाहिजे.

तिसरी तक्रार अहवालांची आणि त्यावर न होणाऱ्या कारवाईची. आमच्याही चुका आहेत, त्या मान्य करतो. ‘प्रेक्षकांनी अपशब्द वापरले’ असं लिहिलेल्या अहवालावर कोणतीही समिती काही करू शकत नाही. अहवालात मिनिट हवं, गॅलरी आणि अंदाजे ओळ हवी, जसाच्या तसा शब्द हवा, मग तो कितीही घाण असो, आणि ज्यांनी ऐकला त्या किमान दोन माणसांच्या सह्या हव्यात. सामना संपल्यावर तासाभरात लिहायचा, दुसऱ्या दिवशी नाही. रात्रीत फोन येतात आणि शब्द सौम्य होतात. चित्रीकरण असेल तर मूळ फाइल जपायची. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली प्रत न्यायालयात टिकवणं अवघड जातं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, नोंदवावं लागतं. आयोजकाचा चित्रीकरण करणारा माणूस कॅमेरा चेंडूवर ठेवतो. आम्हाला एक कॅमेरा असा हवा आहे जो नव्वद मिनिटं फक्त पायऱ्यांकडे पाहील.

कायद्याबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. फुटबॉलच्या प्रेक्षकांसाठी आपल्या देशात वेगळा कायदा नाही, पण म्हणून हात बांधलेले नाहीत. शांतता बिघडावी म्हणून मुद्दाम केलेल्या अपमानासाठी भारतीय न्याय संहितेचं ३५२ वं कलम आहे. वंश, धर्म, जन्मस्थान यांवरून गटागटांत द्वेष पसरवण्यासाठी १९६ वं आहे, ते प्रत्येक शिवीला लागू होत नाही. दगड-बाटली फेकून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्यासाठी १२५ वं आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या खेळाडूला चारचौघांत जातीवरून शिवी दिली तर अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो. आज होतं काय, की सरसकट पन्नास-शंभर जणांवर दंगलीचा गुन्हा दाखल होतो. ज्याने दगड मारला तो आणि जो पळताना पडला तो, दोघंही एकाच यादीत. पोरांच्या नोकऱ्या अडतात, पासपोर्ट अडतो आणि खरा गुन्हेगार गर्दीत लपून जातो. नेमक्या माणसावर नेमकं कलम लावायचं असेल तर वर सांगितलेला अहवाल आणि पायऱ्यांकडे पाहणारा कॅमेरा, दोन्ही लागतात.

इंग्लंडने हे चुकत-चुकत शिकून घेतलं. १९९१ च्या त्यांच्या फुटबॉल गुन्ह्यांच्या कायद्यात तीन गोष्टी गुन्हा ठरल्या: मैदानाकडे वस्तू फेकणं, अश्लील किंवा वर्णद्वेषी घोषणा देणं आणि कारणाशिवाय मैदानात उतरणं. पण घोषणा म्हणजे दोन किंवा अधिक माणसांनी मिळून दिलेली, अशी व्याख्या केली होती. एकटा ओरडणारा सुटायचा. १९९९ साली ती दुरुस्त करून ‘एकट्याने किंवा मिळून’ असं करावं लागलं. आपण स्पर्धेची नियमावली लिहिताना ही चूक करू नये: ‘समर्थकांच्या गटाने’ असं लिहू नका, ‘कोणत्याही प्रेक्षकाने’ असं लिहा. इंग्लंडमध्ये न्यायालय एखाद्याला अनेक वर्षं मैदानबंदी करू शकतं. स्पेनमध्ये २०२३ च्या मे महिन्यात व्हॅलेन्सियाच्या मैदानावर रियल माद्रिदचा ब्राझिलियन खेळाडू व्हिनिसियस ज्युनियर याला वर्णावरून शिव्या देणाऱ्या तिघांना पुढच्या वर्षी न्यायालयाने आठ महिने तुरुंगवासाची शिक्षा आणि दोन वर्षं मैदानबंदी सुनावली. हे शक्य झालं कारण ती तीन माणसं ओळखली गेली होती.

आपल्याकडे न्यायालयाची वाट न पाहता आयोजकही मैदानबंदी करू शकतात. तिकिटाच्या मागे अट छापा: वर्ण, वंश, जात, धर्म, लिंग यांवरून अपमान करणाऱ्याला, वस्तू फेकणाऱ्याला किंवा मैदानात उतरणाऱ्याला बाहेर काढलं जाईल आणि प्रवेश नाकारला जाईल. शिवीसाठी एक हंगाम, दगडासाठी तीन. बंदीचं पत्र लेखी द्या, पंधरा दिवसांत दाद मागायची सोय ठेवा, कारण चुकीच्या माणसावर कारवाई होऊ शकते. यादी फक्त गेटप्रमुखांकडे राहील. ती व्हॉट्सअॅपवर फिरवली तर आपणच नवा अपमान सुरू केला असं होईल. आणि एका आयोजकाची बंदी सगळ्या चषकांना लागू झाली पाहिजे. आज एका स्पर्धेतून हाकललेला माणूस पंधरा दिवसांनी दुसऱ्या चषकात पहिल्या ओळीत बसलेला दिसतो.

चौथी तक्रार मैदानाची आणि गेटची आहे. कंटाळवाणी वाटेल, पण माणसं मरतात ती इथे. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचे समर्थक एकाच स्टँडमध्ये मिसळून बसले होते. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली, दोघांनाही बाहेर काढलं गेलं, पायऱ्यांवर मारामारी पेटली आणि चेंगराचेंगरीत सोळा जण गेले. सामना बघायला घरून निघालेली सोळा माणसं. २०१२ च्या डिसेंबरमध्ये कोलकात्याच्याच सॉल्ट लेक मैदानावर याच दोन संघांच्या सामन्यात मोहन बागानचा खेळाडू रहीम नबी याच्या चेहऱ्यावर दगड बसला. बत्तीस वर्षांनीही पायऱ्यांवरच्या माणसाच्या हाती दगड येतच होता.

दगड येतो कुठून? बाहेरून खिशात क्वचितच येतो. बहुतेक दगड मैदानातच असतात: तुटलेल्या पायरीचे तुकडे, डागडुजीनंतर कोपऱ्यात राहिलेली खडी, स्वच्छतागृहाच्या फुटक्या फरशा, फलक बांधून उरलेले बांबू. सामन्याच्या दिवशी सकाळी चार माणसं आणि दोन घमेली घेऊन सगळ्या गॅलऱ्या झाडून घेतल्या तर निम्मं संकट तिथेच जातं. पाण्याची अर्ध्या लिटरची भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलो वजन. वरच्या पायरीवरून सुटली तर ती दगडापेक्षा कमी नसते. पाणी पेल्यात विका किंवा झाकण काढूनच बाटली द्या. उघडी बाटली हवेत पाणी सांडत जाते, लांब पोचत नाही. झेंड्याला पोकळ प्लास्टिकची नळी, एक मीटरच्या आत. फटाके आणि रंगीत धूर पूर्ण बंद.

गेटचं गणित मात्र बसून करावंच लागेल. ब्रिटनच्या क्रीडामैदान-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेत पायऱ्यांच्या वाटेने दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ६६ माणसं बाहेर पडतात असं धरतात आणि गॅलरी आठ मिनिटांत रिकामी व्हावी अशी अपेक्षा असते. पाच हजार प्रेक्षकांसाठी याचा अर्थ एकूण साडेनऊ मीटर मोकळी रुंदी, म्हणजे २.४ मीटरची चार गेट. त्यातलं एक ‘फुकटे घुसतात’ म्हणून कुलूपबंद ठेवलं की वेळ साडेदहा मिनिटांवर जातो. त्याऐवजी चारही गेट उघडी, पण प्रत्येकासमोर मोटरसायकली लावून एक-एक मीटर अडवला, तर साडेतेरा मिनिटं. घाबरलेली गर्दी साडेतेरा मिनिटं थांबत नाही. म्हणून मोजपट्टी घेऊन प्रत्येक गेटची मोकळी रुंदी मोजा, त्यावरून तिकिटांची संख्या ठरवा आणि ती संख्या जाहीर करा. गेट बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. सामना चालू असताना प्रत्येक गेटवर माणूस हवा आणि कुलूप कुठेच नको.

जाळीबद्दलही बोलतो. १९८५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डच्या मैदानावर लाकडी स्टँडला आग लागली. मागची दारं बंद होती, ५६ माणसं गेली, पण पुढे जाळी नसल्याने बरीच माणसं मैदानात उतरून वाचली. १९८९ साली इंग्लंडमधल्याच हिल्सबरो मैदानावर पुढे जाळी होती. तिथे चेंगरून ९७ जण गेले. आपल्याला जाळी हवी आहे, कारण पंच आणि खेळाडू सुरक्षित राहिले पाहिजेत. पण प्रत्येक गॅलरीच्या जाळीत मैदानाकडे उघडणारं दार हवं आणि ते कोणाच्या हुकमावर उघडायचं हे सामन्याआधी ठरलेलं हवं. आज ती दारं एरवी बंद असतात आणि मध्यंतरात पाहुण्यांच्या सत्कारासाठी उघडली जातात. पाहुण्यांमागून पन्नास जण फोटोसाठी आत येतात आणि उत्तरार्ध सुरू झाला तरी निम्मे बाहेर गेलेले नसतात. मध्यंतरातले सत्कार बंद करा. बक्षीस समारंभाला मैदानात कोण येणार त्याची यादी करा.

पोलिस अधिकाऱ्यांना आमची वेगळी आणि कळकळीची विनंती आहे. बंदिस्त मैदानात अश्रुधूर वापरू नका. फिफाच्या सुरक्षा नियमांत मैदानाच्या कडेला बंदूक आणि अश्रुधूर यांना मनाई आहे आणि त्यामागे मढ्यांची रास आहे. १९६४ साली पेरू देशातल्या लिमामध्ये अश्रुधुरानंतर लोक बाहेर पळाले आणि बंद दारांशी चेंगरले, ३२८ मृत्यू. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात मलंगच्या कांजुरुहान मैदानावर पोलिसांनी पायऱ्यांवर धूर सोडला आणि अरुंद दारांशी १३५ माणसं गेली. लाठी चालवायची वेळ आलीच तर आधी बाहेरची वाट मोकळी आहे ना, हे पाहा. वाट बंद असताना गर्दीला मागून रेटणं म्हणजे तिला भिंतीवर रेटणं. आणि सामन्यापूर्वी एकदा निरीक्षक, पंच, आयोजक आणि बंदोबस्ताचे अधिकारी यांनी एकत्र मैदानाची फेरी मारावी. वीस मिनिटं पुरतात.

स्वयंसेवकांबद्दल थोडंच. अडीचशे प्रेक्षकांमागे एक, रंगीत जाकीट घातलेला, तोंड गर्दीकडे आणि पाठ मैदानाकडे. गोल झाला की सगळे वळून मैदानाकडे पाहतात आणि नेमक्या त्याच क्षणी बाटली सुटते. हे त्यांच्याकडून दोन-तीन सामने घोटून घ्यावं लागतं. गॅलरीत त्याच पेठेची माणसं ठेवा, कारण ‘ए संत्या, खाली बस’ हे ओळखीच्या माणसानेच म्हटलेलं चालतं. त्यांचा प्रमुख मात्र दोन्ही पेठांबाहेरचा असावा. महिला प्रेक्षकांच्या भागात महिला स्वयंसेवक हव्यातच.

सामना संपल्यावर दोन्ही बाजूंचे समर्थक एकदम सोडू नका. ज्यांचा रस्ता लांबचा त्यांना आधी, दुसऱ्यांना पंधरा मिनिटांनी. थांबवलेल्यांना किती वेळ थांबायचं ते माइकवरून सांगा, पाणी द्या, स्वच्छतागृह उघडं ठेवा. सायलेन्सर काढलेल्या दुचाकींची मिरवणूक समोरच्या पेठेतून न्यायची नाही, हे तालमीच्या अध्यक्षांनी आपल्या सहीने लिहून द्यावं. सामन्याच्या आदल्या रात्री फिरणाऱ्या डिवचणाऱ्या स्टेटस आणि रील्सची जबाबदारीही तालमीच्या अधिकृत खात्यांपुरती तरी अध्यक्षांनी घ्यावी.

तालमींच्या वस्तादांनो, अध्यक्षांनो, तुमच्या शब्दाला पेठेत जे वजन आहे ते पोलिसांच्या काठीलाही नाही. संघाला पाठिंबा देणारा कोणी वर्णावरून ओरडला तर त्याच संध्याकाळी तालमीच्या फलकावर त्याचा निषेध लिहिला जावा. परदेशी खेळाडू करारबद्ध करताना शिवीगाळ झाली तर क्लब त्याच्या मागे उभा राहील, हे कराराच्या कागदावर त्याला समजणाऱ्या भाषेत असावं.

आमच्या मागण्या यातून स्पष्ट होतात, तरी तारखेसह सांगतो. पहिल्या सामन्याच्या किमान तीस दिवस आधी सर्व आयोजकांनी मिळून एकच नियमावली जाहीर करावी: तीन पायऱ्या, सूचनेचा मजकूर, अहवालाचा नमुना, मैदानबंदीची मुदत. पंधरा दिवस आधी गेटची मोजणी आणि त्यावरून ठरलेली प्रेक्षकसंख्या मैदानाबाहेर फलकावर लावावी. आठ दिवस आधी पंच, उद्घोषक, स्वयंसेवक आणि पोलिस यांची मैदानावरच एक रंगीत तालीम व्हावी: शिवी आली असं समजून शिट्टी वाजवायची आणि तिन्ही पायऱ्या शेवटपर्यंत करून पाहायच्या. या तालमीसाठी लागतील तितके दिवस आम्ही विनामोबदला येऊ. अहवालाचा नमुना आणि सूचनेचा मजकूर आमच्याकडे तयार आहे, मागाल त्या दिवशी देऊ.

नियमावलीत या गोष्टी नसतील तर वर्णद्वेषाची पहिली शिवी आली की आम्ही पाचव्या नियमाप्रमाणे सामना थांबवू आणि सूचना वाचल्याशिवाय सुरू करणार नाही. हा इशारा समजू नये. त्या दिवशी आपण गोंधळून जाऊ नये, म्हणून आधीच कळवत आहोत.

आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत.

आपले,
मैदानावर काम करणारे पंच, लाइनमन, सामना निरीक्षक आणि स्वयंसेवक